चोराला मोकळीक किती द्यावी?

शाळेच्या वहीचे शेवटचे पान फाडून त्याच्या चार चिठ्ठ्या करायच्या, त्यांवर राजा, प्रधान, शिपाई आणि चोर अशी नावे लिहायची, घड्या घालून त्या उधळायच्या आणि ज्याच्या हाती जे येईल ते त्याने निभवायचे, हा खेळ ठाऊक नसलेला मराठी वाचक विरळाच. कुठे प्रधानाच्या जागी राणी असते, गुणांचे आकडेही घराघरांत बदलतात. पण गाभा एकच. वरचे दोघे उघड झाले की उरलेल्या दोघांतला चोर कोणता, हे ओळखायचे. हिशेबाने पाहिले तर ही संधी नाणे उडवण्याइतकीच. तरीही तो खेळ रंगत असे, कारण चोराच्या मनात चांदणे असते आणि ते थोडेफार चेहऱ्यावर उतरतेच.

आज संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर लाखो लोक जे खेळ खेळतात, त्यांतील एक मोठे कुळ या चिठ्ठ्यांच्या खेळाशी नाते सांगणारे आहे. एकमेकांत लपलेला खोटारडा बोलण्यातून हुडकून काढणे, हा या कुळाचा विषय. त्याचा आधुनिक मूळपुरुष म्हणजे 'माफिया'. मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्राचा विद्यार्थी असलेल्या दिमित्री दाविदोव्ह यांनी १९८६ मध्ये तो रचला. १९९७ मध्ये अँड्र्यू प्लॉटकिन यांनी माफियांच्या जागी लांडगा-माणूस आणून त्याला 'वेअरवुल्फ' हे रूप दिले. पुढे २०१४ मध्ये 'टाउन ऑफ सेलम' आला, २०१८ मध्ये 'अमंग अस' आला, आणि २०२० च्या टाळेबंदीत तर घरोघरची मुले अंतराळयानातील बहुरूप्यांविषयी जेवणाच्या ताटावर वाद घालू लागली.

या खेळांची मांडणी साधी असते. मूठभर चोर आणि बाकीचे गावकरी. चोर एकमेकांना ओळखतात. गावकरी कुणालाच ओळखत नाहीत. रात्री चोर एकाचा काटा काढतात, दिवसा सारे गाव चर्चा करून मतदानाने एकाला हद्दपार करते. सर्व चोर गेले तर गाव जिंकले; चोरांची संख्या उरलेल्या गावकऱ्यांएवढी झाली की चोर जिंकले. थोड्यांजवळ माहिती आहे, पुष्कळांजवळ संख्या आहे, आणि या दोहोंचा झगडा म्हणजे खेळ. हा तराजू समतोल राहावा म्हणून काही गावकऱ्यांना खास भूमिका दिल्या जातात. कुणी तपासनीस, कुणी डॉक्टर, कुणी नगराध्यक्ष. पण भूमिका दिली की तिला मर्यादाही घालावी लागते, आणि खरे कौशल्य त्या मर्यादेतच आहे. कोणती मर्यादा खेळ रंगवते आणि कोणती त्याचा जीव घेते, हे मला कोणत्याही पुस्तकाने शिकवले नाही. ते आमच्या घरातील एका भांडणाने शिकवले.

टाळेबंदीच्या पहिल्या उन्हाळ्यात आमच्या भाचरांनी आणि पुतण्यांनी दर रविवारी सायंकाळी व्हिडिओ कॉलवर हा खेळ सुरू केला. ठाण्याचे दोघे, नाशिकचे दोघे सख्खे भाऊ, पुण्याचे तिघे, असे सात भिडू. सूत्रधार म्हणून अस्मादिकांची नेमणूक झाली, कारण वयाने मोठा आणि फावल्या वेळेने संपन्न असा दुसरा कुणी नव्हता. व्हॉट्सअॅपवर प्रत्येकाला त्याची भूमिका गुपचूप कळवायची, रात्री चोराचा निरोप घ्यायचा आणि सकाळी मृत्यूची वार्ता सांगायची, एवढेच माझे काम. आरंभी खास भूमिका नव्हत्या. एक चोर, सहा गावकरी आणि दिवसापासून खेळाला सुरुवात.

तीन-चार आठवडे सुरळीत गेले. मग न्यू जर्सीहून आमचा एक भाचा आठवा भिडू म्हणून सामील झाला. त्याच्याकडे सकाळ, आपल्याकडे संध्याकाळ. आणि त्या दिवसापासून चोर जास्त वेळा जिंकतो, अशी तक्रार सुरू झाली. गावात एक माणूस वाढला म्हणजे गावाचे बळ वाढायला हवे. मग हे उलटे कसे? पाहुणा फार हुशार आहे, असा निष्कर्ष पुण्याच्या शाखेने काढला. नाशिकच्या शाखेने तो साफ फेटाळला.

चार डावांवरून काहीच सिद्ध होत नाही, हे खरे. पण कागदावर हिशेब मांडला तेव्हा तक्रारीत तथ्य निघाले. गावाने निव्वळ अंदाजाने मत दिले असे समजू. सात जणांत पहिल्या दिवशी चोर सापडण्याची शक्यता सातात एक. चुकले तर हद्दपारीने एक आणि रात्रीच्या हत्येने एक असे दोघे जातात. पाच उरतात, मग तीन. म्हणजे गावाला तीन वेळा निवड करता येते आणि तीनही वेळा चुकण्याची शक्यता वजा केली तर गाव जिंकण्याची शक्यता सुमारे ५४ टक्के येते. आता आठ जण घ्या. आठ, सहा, चार. पुन्हा तीनच संधी. दोघे उरले की चोराची बरोबरी झाली आणि खेळ संपला. संधी तेवढ्याच, मात्र प्रत्येक वेळी चोर दडायला एक माणूस जास्त. शक्यता ४५ टक्क्यांवर येते. आठवा भिडू गावाच्या मदतीला आला नव्हता, तो चोराचा आडोसा होऊन आला होता. सम आणि विषम संख्येतील हा फरक या खेळाच्या जाणकारांना चांगला परिचित आहे. उपाय म्हणून खेळ रात्रीपासून सुरू करता येतो. पण मग आठवा भिडू तोंडही न उघडता मरतो, आणि रविवारच्या सायंकाळसाठी आठवडाभर थांबलेल्या माणसाला ते सांगायचे कसे?

चोरांची संख्या बदलून तोल साधू म्हटले तर ते वजन फारच जड असते. नऊ जणांत एक चोर असेल तर वरच्याच रीतीने गावाची शक्यता ५९ टक्के येते. दोन चोर केले की ती एकदम ३० वर कोसळते. मधले काही मिळतच नाही, कारण दीड चोर नेमता येत नाही. सोनाराच्या तराजूत शेराचे माप टाकावे तसा हा प्रकार. म्हणून गुंजेची वजने लागतात आणि ती वजने म्हणजे खास भूमिका. मार्क ब्रेव्हरमन, ओमिद एतेसामी आणि एल्कानान मॉसेल या तिघांनी २००८ मध्ये या खेळाचे गणित एका संशोधनपर लेखात मांडले. तपासनीस नसेल तर एकूण खेळाडूंच्या वर्गमुळाच्या पटीतले थोडेसेच चोर सामना बरोबरीत आणायला पुरतात. पण एक जरी तपासनीस गावात असला तरी चोरांची संख्या एकूण संख्येच्या ठराविक प्रमाणात वाढवावी लागते, असा त्यांच्या निष्कर्षाचा सोप्या भाषेतला मथितार्थ. एका माणसाच्या हाती आलेली खरी माहिती इतकी भारी पडते.

आमच्या घरी हे प्रत्ययाला आलेच. तक्रार मिटावी म्हणून मी तपासनीस आणला. तो रोज रात्री एका नावाची चौकशी करतो आणि ती व्यक्ती चोर आहे की नाही, हे सूत्रधार त्याला सांगतो. त्याला चोरांनी लगेच मारू नये म्हणून डॉक्टरही आणला. डॉक्टर रोज एकाचे प्राण वाचवू शकतो. बदल्यात चोर दोन केले. पुढच्याच रविवारी ठाण्याच्या पुतणीने तपासनीस होताच दुसऱ्या दिवशी जाहीर करून टाकले, 'तपासनीस मी आहे. डॉक्टर जो कुणी असेल त्याने यापुढे रोज मलाच वाचवावे. मी रोज एकेकाला तपासत जाईन.' झाले! चोरांना तिला मारता येईना, डॉक्टर कोण हे कळेना आणि रोज सकाळी एका नावाचा निकाल लागू लागला. तपासनीस आपणच, असा उलट दावा करण्याचे धाडस चोरांनी पहिल्याच दिवशी केले असते तर काही निभले असते; ते त्यांना सुचले नाही. चर्चा संपली, सरकारी कारभार सुरू झाला.

जगभरच्या खेळाडूंना ही युक्ती केव्हाच सापडलेली आहे, आणि तिच्यावरचा प्रचलित उतारा म्हणजे एकाच माणसाला लागोपाठ दोन रात्री वाचवण्याची डॉक्टरला मनाई. एवढ्याशा बंधनाने किती फरक पडतो पाहा. तपासनिसाने स्वतःला उघड केले तर एक रात्र तो सुरक्षित आहे, दुसरी रात्र नाही. त्यामुळे कधी उघड व्हायचे, हा निर्णय होतो. आज बोलावे की उद्या? हाती एकच नाव असताना बोलावे की दोन जमेपर्यंत गप्प राहावे? चोरांनाही विचार करावा लागतो. डॉक्टरने काल कुणाला वाचवले असेल? जिथे आधी एक यांत्रिक उत्तर होते, तिथे आता तिघांना तीन प्रश्न पडतात. चांगल्या मर्यादेची खूण मला यात दिसते. ती खेळाडूचे हात बांधते, पण त्याला विचार करायला लावते.

वाईट मर्यादेचाही अनुभव आमच्याच घरी आला. तपासनिसाच्या त्या घोषणेने चिडलेल्या नाशिककरांनी ठराव मांडला, की आपली भूमिका कुणी उघडपणे सांगायचीच नाही; सांगेल तो बाद. बहुमताने ठराव मंजूर झाला. वरकरणी हा नियम न्याय्य वाटतो, सर्वांना सारखाच लागू होतो. पण खेळात बोलण्यासारखे काही उरेना. 'तू कोण?' याला उत्तर देता येत नाही, म्हणून चोराला खोटे उत्तर देण्याची गरज नाही. आणि खोटे उत्तर नाही, म्हणून पकडण्यासारखे काही नाही. आठ चेहरे आठ चौकटींत बसून एकमेकांकडे पाहत राहिले. मते पडली ती आंधळ्या कोशिंबिरीसारखी. दोन डावांनंतर ठराव मांडणाऱ्यांनीच तो मागे घेतला.

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे. बंधन घालायचे ते भूमिकेच्या अधिकारावर, खेळाडूच्या तोंडावर नव्हे. हा बोलण्याचा खेळ आहे. चोराला थाप मारायला जागा राहिली पाहिजे आणि गावकऱ्याला ती थाप तपासायला काहीतरी हाती लागले पाहिजे. ज्या नियमाने यांपैकी एक जागा बंद होते, तो आकड्यांच्या तराजूत कितीही समतोल दिसो, खेळाच्या दृष्टीने अन्यायाचाच.

अनुभवी रचनाकार त्यामुळे थेट मनाई फारशी करत नाहीत. ते किंमत लावतात. 'टाउन ऑफ सेलम' मधील नगराध्यक्षाचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्याने स्वतःला प्रकट केले की त्याचे एक मत तीन मतांच्या बरोबरीचे होते. एवढा अधिकार म्हणजे गावाची सत्ताच. पण प्रकट झाल्यानंतर डॉक्टर त्याला वाचवू शकत नाही. केव्हाही प्रकट व्हायला त्याला मुभा आहे; फक्त त्या क्षणापासून तो उघड्यावर आला. याच खेळात बंदूक बाळगणारा एक स्वयंघोषित न्यायरक्षक असतो. त्याने रात्री एखाद्या निरपराध गावकऱ्यावर गोळी झाडली तर अपराधी भावनेने त्याचाही अंत होतो. जेलर रोज एकाला कोठडीत घालून रात्रभर त्याच्याशी बोलू शकतो आणि वाटल्यास त्याला मृत्युदंड देऊ शकतो. पण दंड गावकऱ्याला दिला गेला तर पुढे दंड देण्याचा त्याचा अधिकार संपतो. तिन्ही ठिकाणी नियमाची भाषा 'करू नकोस' अशी नाही. 'कर, पण चुकलास तर हे होईल' अशी आहे.

याहून सूक्ष्म रचना 'अ‍ॅव्हलॉन' या २०१२ च्या खेळात सापडते. तो मुळात मेजावरचा, पण पुढे ऑनलाइनही खेळला जाऊ लागला. आर्थर राजाच्या पदरचा जादूगार मर्लिन दुष्टांना ओळखतो. मॉर्ड्रेड नावाची एक ऐच्छिक भूमिका तेवढी त्याच्यापासून लपू शकते. इतकी माहिती असलेला माणूस गावात असेल तर दुष्टांनी खेळावेच कशाला? पण सज्जनांनी तीन मोहिमा जिंकल्या तरी शेवटी मारेकऱ्याला एक संधी मिळते: मर्लिन कोण ते अचूक ओळखले तर विजय दुष्टांचा. त्यामुळे मर्लिनला सत्य सांगायचे तर असते, पण सांगणारा आपण आहोत हे कळू द्यायचे नसते. तो चुकीच्या माणसावरही अधूनमधून संशय घेतो, मुद्दाम घुटमळतो, मित्राच्या तोंडून आपले म्हणणे वदवून घेतो. सर्वांत जास्त जाणणाऱ्याला सर्वांत जपून बोलावे लागते, आणि हे त्याला कुठल्याही नियमाने सांगितलेले नाही. माझ्या मते या कुळातील हे सर्वोत्तम बंधन.

किती जणांना कोणती भूमिका द्यायची, हाही मर्यादेचाच भाग, आणि तो दिसतो तितका किरकोळ नाही. 'टाउन ऑफ सेलम' मध्ये जेलर, नगराध्यक्ष अशा काही भूमिका एका डावात एकाहून जास्त नसतात. हे सर्वांना ठाऊक असल्याने दोघांनी 'जेलर मीच' म्हटले की त्यांतला एक खोटा, हे शेंबडे पोरही सांगेल. तर्काला असा खुंटा लागतो. पण सगळेच खुंटे पक्के ठोकले, म्हणजे कोणकोणत्या भूमिका डावात आहेत याची पूर्ण यादी जाहीर केली, की गाव सरळ हजेरी घेऊ लागते. 'एकेकाने आपली भूमिका सांगा.' ज्याची भूमिका यादीत बसत नाही तो चोर. म्हणून यादीत काही जागा मुद्दाम संदिग्ध ठेवाव्या लागतात. 'वन नाइट अल्टिमेट वेअरवुल्फ' या २०१४ च्या खेळात तीन पत्ते मध्यभागी पालथे पडून राहतात. त्यामुळे जी भूमिका कुणाकडेच नाही ती आपली म्हणून सांगायला खोटारड्याला आधार मिळतो. 'अमंग अस' मध्ये नोव्हेंबर २०२१ मध्ये शास्त्रज्ञ, अभियंता अशा नव्या भूमिका आल्या, तेव्हा प्रत्येक भूमिकेची कमाल संख्या आणि ती डावात येण्याची टक्केवारी, अशी दोन्ही मापे यजमानाच्या हाती दिली गेली. अभियंता जास्तीत जास्त एक, पण तो असेलच असे नाही. त्या अनिश्चिततेत बहुरूप्याला श्वास घेता येतो.

'ब्लड ऑन द क्लॉकटॉवर' या २०२२ मध्ये हाती आलेल्या खेळाने तर खोटेपणाची सोय नियमातच केली आहे. सात किंवा अधिक खेळाडू असतील तर डावात नसलेल्या तीन भल्या भूमिका खलनायकाला आरंभीच सांगितल्या जातात. म्हणजे थाप मारायची तर कोणती मारावी, याची शिदोरी त्याला घरूनच मिळते. प्रथम वाचले तेव्हा मला हे फाजील लाड वाटले. पण नवशिक्या मुलाच्या हाती चोराची चिठ्ठी आली की त्याची कशी भंबेरी उडते, हे मी पाहिले आहे. पकडला जाणे त्याला चालते. काय बोलावे हेच न सुचणे त्याला लाजिरवाणे वाटते. त्याला तीन नावे दिली की तो निदान उभा राहतो.

विदूषकाची भूमिका मात्र मी जपूनच वापरीन. गावाने आपल्याला फासावर द्यावे, हेच विदूषकाचे ध्येय. दिले की तो जिंकला. कल्पना गमतीची आहे, आणि आमच्या घरी तिचे पहिल्या रविवारी हसून स्वागत झाले. दुसऱ्या रविवारी खऱ्या चोराने संशयास्पद वागायला सुरुवात केली आणि पकडला जाताच गालात हसत म्हणाला, 'द्या ना फाशी, मी तर वाटच पाहतोय.' गाव बिचकले. जो संशयास्पद तो विदूषक असेल, म्हणून त्याला सोडायचे. जो नाही त्याला पकडायला कारण नाही. एका भूमिकेने पुराव्याचीच किंमत उतरवली. अशा भूमिका डावात एकाहून जास्त नसाव्यात, क्वचितच याव्यात, आणि आठ-नऊ जणांच्या छोट्या गावात तर नसलेल्याच बऱ्या. पंधरा जणांत एखादा विदूषक पचतो.

इथवर जिंकण्या-हरण्याचा विचार झाला. पण आमच्या घरचे भांडण निराळ्याच कारणाने पेटले. माझी अकरा वर्षांची भाची, सर्वांत धाकटी, लागोपाठ तीन रविवारी पहिल्याच रात्री मारली गेली. यात कुणाचा द्वेष नव्हता. ती बोलते फार, आणि तिचा अंदाज बरोबर ठरतो, म्हणून चोराच्या दृष्टीने तिला आधी संपवणे शहाणपणाचेच होते. मेलेल्याने बोलायचे नाही, हा नियम. म्हणजे पुढची चाळीस मिनिटे तिने पडद्यासमोर गप्प बसायचे. चौथ्या रविवारी ती आलीच नाही. तिची आई म्हणाली, 'तिला अभ्यास आहे.' सुट्टी चालू होती.

डाव समतोल आहे म्हणून तो प्रत्येकासाठी न्याय्य होतो असे नाही, ही गोष्ट टक्केवारीच्या हिशेबात माझ्या ध्यानात आली नव्हती. आपल्या अंगणातल्या खेळांना ती ठाऊक होती. लगोरी असो की लपंडाव, सर्वांत लहान मुलाला 'लिंबूटिंबू' करत. तो सर्वांबरोबर धावायचा, पण त्याच्यावर राज्य येत नसे. पडद्यावरील खेळांनीही मेलेल्यांची सोय आपापल्या परीने लावली आहे. 'अमंग अस' मध्ये मेलेला सहकारी भुताच्या रूपाने आपली उरलेली कामे पूर्ण करू शकतो, आणि ती कामे गावाच्या विजयात धरली जातात. तिथेच रक्षक देवदूत ही भूमिका मेल्यानंतरच मिळते. जिवंतांवर काही क्षणांचे कवच घालणे हे तिचे काम. 'क्लॉकटॉवर' मध्ये मेलेले लोक बोलत राहतात आणि त्यांना उरलेल्या खेळासाठी एक शेवटचे मत असते. ते एक मत कधी टाकायचे, यावर मेलेली माणसे जिवंतांहून अधिक गंभीरपणे विचार करताना दिसतात.

आम्ही तिच्यासाठी, पण तिचे नाव न घेता, दोन नियम केले. मागच्या डावात जो सर्वांत आधी मेला, त्याला या डावात पहिल्या रात्री मारता येणार नाही. आणि मेलेल्याला शेवटच्या दिवशी एक मत राहील. पहिला नियम पुढच्या डावापुरता सर्वांना आधीच ठाऊक असल्याने त्यात लपवाछपवी नव्हती. चोरांना फक्त दुसरे सावज शोधावे लागे. लिंबूटिंबू म्हटले असते तर ती रुसली असती. नियम सर्वांसाठी आहे म्हटल्यावर परत आली.

समोरासमोर न येणाऱ्या आणि केवळ ऑनलाइन उद्भवणाऱ्या अडचणी निराळ्याच. नाशिकचे दोघे भाऊ एकाच खोलीत बसत. रात्र झाली, सर्वांनी कॅमेरे बंद केले की चोराच्या फोनवर माझ्या निरोपाची टिंग वाजे आणि शेजारी बसलेल्या भावाला गुन्हेगार बसल्या जागी कळे. फोन मूक करा म्हणावे तर कुणीतरी विसरेच. अखेर नियम केला, की रात्री प्रत्येकानेच सूत्रधाराला काहीतरी लिहिले पाहिजे आणि त्यालाही उत्तर मिळेल. चोराने सावजाचे नाव कळवावे, डॉक्टरने रोग्याचे, आणि ज्याला काही अधिकार नाही त्या साध्या गावकऱ्याने आपला संशय कुणावर आहे ते लिहावे. टिंग सर्वांचीच वाजू लागली. यातून अनपेक्षित लाभ असा झाला, की साध्या गावकऱ्यालाही रात्री काम मिळाले. डाव संपल्यावर मी कुणाचा संशय कोणत्या रात्री बरोबर होता ते वाचून दाखवत असे आणि त्यावर खेळापेक्षा जास्त वेळ बोलणे चाले.

अनोळखी लोकांबरोबर खेळताना त्रास याहून मोठे असतात. हवी ती भूमिका मिळाली नाही की पुष्कळ खेळाडू सरळ निघून जातात आणि उरलेल्यांचे गणित विस्कटते. म्हणून काही खेळांत असे पळून जाणाऱ्याला थोडा काळ प्रवेशबंदी केली जाते. दोन मित्र बाजूला फोनवर बोलत खेळले तर कोणतीच मर्यादा टिकत नाही आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. 'अमंग अस' ने २०२१ मध्ये लहान मुलांसाठी मोकळ्या लेखनाऐवजी ठराविक वाक्यांतून निवड करण्याची पद्धत आणली. बोलण्यावर बंधन नको, असे वर मी ठासून लिहिले आहे. पण अनोळखी प्रौढांच्या गर्दीत आठ वर्षांचे मूल बसले असेल तर तिथे माझे तत्त्व मी मुकाट्याने खिशात घालीन. त्या ठराविक वाक्यांतही कोण, कुठे, कुणाला पाहिले एवढे विचारता येते, आणि मुले तेवढ्यातही एकमेकांना यथास्थित फसवतात.

आमचा रविवारचा खेळ टाळेबंदी उठल्यावर विरळ होत गेला. आता वर्षातून दोनदा, दिवाळीत आणि मे महिन्यात, सगळे पुण्याला जमतात तेव्हा होतो. न्यू जर्सीकर तेवढा पडद्यावर असतो. सूत्रधारपण माझ्याकडून गेले. ती भाची आता कॉलेजात आहे आणि भूमिकांची यादी तीच करते. गेल्या दिवाळीत तिने एक नवीन भूमिका आणली: गावात एकच साक्षीदार, त्याला एका चोराचे नाव ठाऊक, पण ते त्याने पहिल्या दिवशी उच्चारले तर चोरांना त्या रात्री दोन बळी. मी विचारले, दुसऱ्या दिवशी उच्चारले तर? 'मग एकच,' ती म्हणाली, 'पण तोपर्यंत तो जिवंत राहायला हवा ना, मामा.' नऊ जण होतो. साक्षीदाराची चिठ्ठी माझ्या वाट्याला आली होती, आणि मी दुसऱ्या दिवसाची वाट पाहत पहिल्याच रात्री मेलो.